स्ट्रॅटफर्डजवळची मिस्ट्री कॅश: ‘शेक्सपिअर कोण?’ या कोड्याचे तीन मसुदे, कुठला ठेवू?

खूणगाठ (धागाकर्ता)

स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हनच्या परिसरात एक मिस्ट्री कॅश, म्हणजे जिओकॅशिंगच्या खेळातला कोडं सोडवून शोधायचा लपवलेला डबा, ठेवतोय. विषय, शेक्सपिअरची नाटकं नक्की लिहिली कुणी. जागा ठरली, जमीनमालकाची लेखी परवानगी हातात आहे, डबा आणि लॉगबुक तयार आहे. अडलंय ते कोड्यापाशी.

जिओकॅशिंग ज्यांना नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. जीपीएसच्या नागरी सिग्नलमध्ये अमेरिका मुद्दाम मिसळत असलेली चूक २ मे २००० रोजी बंद झाली, आणि दुसऱ्याच दिवशी ऑरेगनमध्ये एकाने रानात बादली ठेवून तिचे अक्षांश-रेखांश नेटवर टाकले. तिथून हा खेळ सुरू झाला. साध्या कॅशमध्ये जागा थेट दिलेली असते. मिस्ट्रीमध्ये नकाशावर दिसतं ते प्रश्नचिन्ह फसवं असतं, खरा डबा साधारण ३.२ किमीच्या आत कुठेतरी असतो आणि तो कुठे हे कोडं सुटल्यावर कळतं.

माझ्या पानावर इतकं उघड असेल: उत्तर ५२° ११.*, पश्चिम १° ४२.*. तारांकित सहा अंक शोधायचे. तीन मसुदे आहेत:

मसुदा एक. ‘लव्हज लेबर्स लॉस्ट’मधला तो सत्तावीस अक्षरी राक्षस, ‘ऑनॉरिफिकाबिलिट्यूडिनिटाटिबस’. त्याची अक्षरं उलटसुलट करून वाक्य बनवायचं, वाक्यातून अंक.

मसुदा दोन. पाच दावेदार: स्वतः शेक्सपिअर, तत्त्वज्ञ फ्रान्सिस बेकन, ऑक्सफर्डचा अर्ल एडवर्ड द व्हिअर, नाटककार ख्रिस्तोफर मार्लो, डर्बीचा अर्ल विल्यम स्टॅन्ली. प्रत्येकाविषयी एकेक प्रश्न, उत्तरातल्या आकड्यांवरून अंक.

मसुदा तीन. बेकनची स्वतःची दोन टाइपांची गुप्तलिपी.

पाचपैकी डिफिकल्टी (कोडं किती अवघड) ४, टेरेन (वाट किती अवघड) १.५ धरलंय. झोडपा.

---

नवशिकी

मुळात प्रश्नच कळला नाही. शेक्सपिअरची नाटकं शेक्सपिअरने लिहिली नाहीत असं कोण म्हणतं आणि का?

---

पानोपानी

@नवशिकी, तो १६१६ मध्ये वारला. त्यानंतर दोनशेहून जास्त वर्षं या शंकेला कुणी फारसं विचारत नव्हतं. १८५७ मध्ये डेलिया बेकन या अमेरिकन बाईंनी जाडजूड ग्रंथ लिहून ती चव्हाट्यावर आणली. (आडनाव तेच असलं तरी फ्रान्सिस बेकनशी नातं काही नाही.) त्यांचं म्हणणं, नाटकांत दडलेलं राजकीय तत्त्वज्ञान बेकन आणि त्याच्या वर्तुळातल्या माणसांचं आहे. १८८८ मध्ये मिनेसोटाचा राजकारणी इग्नेशियस डॉनली आला. त्याने पानं, ओळी, शब्द मोजून मोजून फोलिओतून, म्हणजे नाटकांच्या १६२३ च्या छापील संग्रहातून, बेकनची ‘गोष्ट’ बाहेर काढली. त्याच वर्षी एका गमत्याने डॉनलीचीच रीत वापरून ‘हॅम्लेट’मधून डॉनलीला शिव्या घालणारं वाक्य काढून दाखवलं. या विषयावरचं इतकं नेमकं परीक्षण नंतर पन्नास वर्षांत कुणाला जमलं नाही, असं माझं मत.

१९२० मध्ये लूनी नावाच्या इंग्रज शाळामास्तरांनी ऑक्सफर्डच्या अर्लला पुढे केलं आणि बेकन मागे पडला. फ्रॉइडसुद्धा या ऑक्सफर्डवाल्यांच्या नादी लागला होता. १९५५ मध्ये कॅल्विन हॉफमन म्हणाला, मार्लो १५९३ मध्ये डेप्टफर्डला मेलाच नाही, लपून लिहीत राहिला. पुढच्या वर्षी त्याने चिझलहर्स्टच्या चर्चमधली मार्लोचा आश्रयदाता वॉल्सिंगहॅम याची कबर उघडवली, हस्तलिखितं मिळतील म्हणून. मिळाली वाळू.

खूणगाठ, तुझ्या खेळाच्या दृष्टीने खरा नायक वेगळाच आहे. डेट्रॉइटचा डॉक्टर ऑर्व्हिल वॉर्ड ओवेन. शेक्सपिअर आणि इतरांच्या छापील पानांचा हजार फुटी कापडी पट्टा त्याने दोन प्रचंड रिळांवर गुंडाळला. तो फिरवत फिरवत त्याने ‘गुप्त मजकूर’ वाचला आणि त्या मजकुरातून त्याला चक्क जागेचा पत्ता मिळाला: चेपस्टोजवळ वाय नदीचं पात्र. १९१० च्या आसपास त्याने तिथला चिखल उपसला. म्हणजे गुप्तलिपी सोडवा, ठिकाण काढा, डबा शोधा. जिओकॅशिंगला नव्वद वर्षं बाकी असताना! हस्तलिखितांच्या पेट्या काही निघाल्या नाहीत. पानावर वर्णनाची सुरुवात ओवेनपासून कर.

---

संशयात्मा

नेहमीप्रमाणे एकतर्फी. वेड्यांची यादी दिली की सगळे संशयी वेडे ठरतात, युक्तिवाद करायला नको. स्ट्रॅटफर्डच्या या माणसाच्या हातच्या म्हणून मान्य असलेल्या फक्त सहा सह्या उरल्यात, त्याही वेगवेगळ्या स्पेलिंगच्या. एक पत्र नाही. मृत्युपत्रात दुसऱ्या नंबरचा पलंग बायकोला दिल्याची नोंद आहे, पण पुस्तकाचा उल्लेख नाही. दरबार, कायदा, इटली यांची एवढी माहिती असणाऱ्याच्या घरात पुस्तक नाही?

---

पानोपानी

त्याच मृत्युपत्रात बर्बेज, हेमिंग्ज आणि कॉन्डेल या तीन सहकारी नटांना अंगठ्या घेण्यासाठी पैसे ठेवलेत. त्यांतल्याच हेमिंग्ज आणि कॉन्डेलने १६२३ मध्ये ३६ नाटकांचा पहिला फोलिओ काढला आणि लेखक म्हणून त्याचं नाव घातलं. ऑक्सफर्डचे अर्ल साहेब १६०४ मध्येच वारले. ‘द टेम्पेस्ट’चा पहिला नोंदलेला प्रयोग नोव्हेंबर १६११ चा. लेखकत्वाचा आज जो गंभीर अभ्यास चालतो तो वेगळ्याच प्रश्नावर आहे, कुठला अंक कुणाबरोबर लिहिला. ‘हेन्री द एट्थ’मध्ये नाटककार फ्लेचर आहे. २०१६ च्या न्यू ऑक्सफर्ड आवृत्तीने ‘हेन्री द सिक्स्थ’च्या तिन्ही भागांवर सहलेखक म्हणून मार्लोचं नाव छापलं. तुमचा मार्लो आलाच की आत, फक्त जिवंतपणी.

---

संशयात्मा

मार्लो माझा नाही, माझा ऑक्सफर्ड. आणि प्रयोग झाला त्या वर्षी नाटक लिहिलं हे कशावरून?

---

वाटसरू

ज्ञानेश्वर एक की दोन, यावरही असंच कोडं करता येईल का?

---

खूणगाठ

@वाटसरू, त्यासाठी वेगळा धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देईन. इथे स्ट्रॅटफर्डलाच राहू द्या.

@संशयात्मा, @पानोपानी, दोघांचंही वर्णनात घेतो. पण आता मसुद्यांकडे वळाल का?

---

पाचअक्षरी

मसुदा एक बाद कर.

१९१० मध्ये सर एडविन डर्निंग-लॉरेन्स यांनी त्या सत्तावीस अक्षरांतून लॅटिन वाक्य काढलं: ‘ही लुडी एफ बेकॉनिस नाटी टुइटी ऑर्बी’. अर्थ असा की एफ. बेकनपासून जन्मलेली ही नाटकं जगासाठी जपली आहेत. अक्षरं मोजून पाहा, बरोबर बसतात. एक जास्त नाही, एक कमी नाही. आता हे मोजा: ‘उबी इटालिकस इबी डान्टी ऑनॉर फिट’. जिथे इटालियन माणूस, तिथे दान्तेला मान. हेही तंतोतंत सत्तावीस, त्याच अक्षरांचं. सात आय, तीन टी, सगळं जुळतं. मग दान्तेने शेक्सपिअर लिहिला? तो १३२१ मध्ये गेला.

एवढ्या लांब शब्दातून, तेही लॅटिनसारख्या लवचीक भाषेत, हवं ते वाक्य निघतं. तुझं उत्तर ‘बरोबर’ कशावरून, तर तू ठरवलंस म्हणून. सोडवणाऱ्याने तितकंच नेटकं दुसरं वाक्य काढलं तर त्याला काय सांगशील? कोडं अवघड असावं, मान्य. पण उत्तर हाती आल्यावर ते हेच आहे हे सोडवणाऱ्याला तुला न विचारता कळलं पाहिजे. बेकनवाल्यांचं सगळं शतक इथेच वाया गेलं. त्यांना उत्तरं सापडत नव्हती असं नाही, ढिगाने सापडत होती.

विल्यम आणि एलिझेबेथ फ्रीडमन या कूटतज्ज्ञ जोडप्याने १९५७ च्या पुस्तकात हीच कसोटी लावली. निघालेला मजकूर अर्थपूर्ण हवा, आणि किल्ली अशी काटेकोर हवी की दोन माणसांनी स्वतंत्रपणे लावली तरी एकच मजकूर निघावा. या कसोटीवर एकही शेक्सपिअरी गुप्तलिपी टिकली नाही. आणि हे दोघं काही बाहेरचे टीकाकार नव्हते. इलिनॉयमधल्या रिव्हरबँक प्रयोगशाळेत गॅलप बाई फोलिओत बेकनची लिपी शोधत होत्या, तिथेच दोघांची ओळख झाली, १९१७ मध्ये लग्न झालं. बेकनच्या भुताने अमेरिकेला तिचे सगळ्यात मोठे कूटतज्ज्ञ दिले, एवढं श्रेय त्या भुताला द्यायलाच हवं.

---

पायपीट

मसुदा दोनवर माझा आक्षेप. शेक्सपिअरची जन्मतारीख नोंदलेली नाही, २६ एप्रिल १५६४ हा बाप्तिस्मा. नाटकं किती? फोलिओत ३६, पेरिक्लीस धरलं तर ३७, ‘टू नोबल किन्समेन’ धरलं तर ३८, पुढेही लोक वाढवतात. बेकनचा जन्म २२ जानेवारी १५६१, पण तेव्हा इंग्लंडात नवं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, म्हणून जुन्या हिशेबाने १५६०. एकाने एक आकडा धरला, दुसऱ्याने दुसरा, दोघंही खरे, आणि दोघांत एक शेतात उभा राहणार.

उभा राहणार म्हणजे किती लांब, तेही सांगतो. मिनिटाच्या हजाराव्या भागाचा एक अंक चुकला तर उत्तर-दक्षिण १.८५ मीटर, आणि ५२ अंशावर पूर्व-पश्चिम सुमारे १.१ मीटर. शेवटचा अंक चुकला तर झुडूप तेच राहतं. पहिला तारांकित अंक एकाने चुकला तर उत्तरेकडे १८५ मीटर सरकतो. दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर लागतं, म्हणजे तो बिचारा दुसऱ्याच कुणाच्या डब्याजवळही जाऊ शकतो. तिथे तो लॉगबुकवर सही करून खुशीत घरी जाईल.

---

खूणगाठ

पटलं. मसुदा तीन. पाचअक्षरी, तुझ्या सोयीचं तेच आहे म्हणा, नावातच दिसतंय.

माहीत नसलेल्यांसाठी: बेकनने ही लिपी १६२३ मध्ये ‘दे ऑगमेंटिस’ या लॅटिन ग्रंथात सविस्तर छापली. तरुणपणी पॅरिसला असताना सुचली, असं तो स्वतः सांगतो. (त्याच वर्षी फोलिओ. बेकनवाल्यांना इतका योगायोग पुरेसा झाला.) प्रत्येक अक्षरासाठी अ आणि ब या दोनच खुणांचा पाच घरांचा गट. ए म्हणजे अअअअअ, बी म्हणजे अअअअब, सी म्हणजे अअअबअ, असं पुढे. मग कुठलाही निरुपद्रवी मजकूर दोन टाइपांत छापायचा. एका टाइपातलं अक्षर म्हणजे अ, दुसऱ्यातलं म्हणजे ब. मजकूर काय म्हणतो याला काही अर्थ नाही, तो कसा छापलाय यात निरोप असतो. आजचे शून्य-एकचे गट याहून वेगळे नाहीत.

सहा अंकांची इंग्रजी नावं ओळीने लिहिली की माझ्या बाबतीत २४ अक्षरं होतात. म्हणजे वरचा मजकूर १२० अक्षरांचा. तो मी जुन्या नाटकाच्या जाहिरातीच्या ढंगात लिहिलाय, पाचही दावेदारांची नावं मिरवत. सोडवणारा नावांच्या मागे धावेल, आद्याक्षरं जोडेल, साल मोजेल. त्यातलं काहीच लागत नाही.

खरे अंक इथे कुणीही टाकू नका. चाचणीचा मजकूर ज्यांना हवा त्यांना निरोपातून पाठवतो, त्यातले अंक खोटे आहेत.

---

पाचअक्षरी

आता हे खरं कोडं झालं. दोन गोष्टी.

पहिली, बेकनची वर्णमाला २४ अक्षरांची. आय-जे एक, यू-व्ही एक. नेटवर मिळणारे बरेच तक्ते २६ अक्षरांचे असतात. तुझी २४ वाली लिपी कुणी २६ च्या तक्त्याने वाचली तर आयपर्यंत सगळं नीट येईल आणि पुढे प्रत्येक अक्षर घसरेल. ‘सेव्हन’च्या जागी आर-ई-टी-ई-एम, ‘वन’च्या जागी एन-एम-ई. हे छान आहे, काढू नकोस. अर्धवट वाचता येणारं उत्तर हा प्रामाणिक इशारा असतो, सोडवणारा योग्य रस्त्यावर आहे पण तक्ता चुकलाय हे त्याला आपोआप कळतं.

दुसरी याहून सुंदर. पाच घरांत ३२ गट बसतात, अक्षरं २४. उरलेले आठ गट म्हणजे ‘बब’ने सुरू होणारे सगळे. म्हणजे नीट वाचलेल्या मजकुरात एकही गट ‘बब’ने सुरू होऊच शकत नाही. अ-ब ची अदलाबदल झाली, एक अक्षर सुटून गट सरकले, टाइप ओळखण्यात गोंधळ झाला, की ‘बब’ डोकं वर काढतोच. निव्वळ यादृच्छिक खुणा असतील तर चारातला एक गट असा निघेल. २४ गटांत एकही न निघण्याची शक्यता हजारात एक. त्यावर इंग्रजी अंकनावं लागोपाठ निघायला हवीत, ती अट वेगळीच. असं उत्तर मिळालं की चेकरची (उत्तर बरोबर का ते सांगणाऱ्या ऑनलाइन सोयीची) गरज फक्त टायपिंगच्या चुकीपुरती.

---

भिंगवाला

चाचणीचा मजकूर सोडवला. अंक मिळाले, पण आधी डोळे गेले. मोबाइलच्या ॲपमध्ये दोन्ही टाइप एकच दिसतात. लॅपटॉपवर दिसले, तर एल आणि आय कुठल्या टाइपातले ते ठरवताना मी अक्षरशः अंदाज करत होतो. तीनदा ‘बब’ आला, तेव्हा कळलं कुठे चुकतोय.

हेच तर गॅलप बाईंचं झालं. सतराव्या शतकातला छापखाना, झिजलेले खिळे, मिसळलेले संच, कमीजास्त शाई. तिरक्या अक्षरांत दोन ‘जाती’ आहेत असं एकदा मनाने घेतलं की भिंगाखाली त्या दिसायला लागतात. शिवाय फोलिओ छापत असताना मधेच थांबवून दुरुस्त्या करत, त्यामुळे एक प्रत दुसऱ्या प्रतीशी तंतोतंत जुळत नाही. चार्लटन हिनमनने वॉशिंग्टनच्या फोल्जर ग्रंथालयातल्या डझनावारी प्रती यंत्राने ताडून १९६३ मध्ये हे सगळं मांडलं, अक्षरं जुळवणारे कामगारसुद्धा त्यांच्या स्पेलिंगच्या सवयींवरून वेगळे काढले. मग निरोप कुठल्या प्रतीत लपवलाय? तुझ्या पानाचंही तेच आहे, प्रत्येकाच्या स्क्रीनवर वेगळी प्रत.

---

पायपीट

चित्र करून टाक. आणि साधे-तिरके नको, साधे आणि ठळक घे. ज्यांना चित्र दिसत नाही त्यांच्यासाठी खाली तोच मजकूर लहान-मोठ्या लिपीत टाईप कर, इंग्रजीत ती सोय आहेच. कॅपिटल म्हणजे ब.

---

भिंगवाला

लहान-मोठी अक्षरं टाकलीस तर डिफिकल्टी ४ ची २ होईल. बेकन म्हटलं की लोकांचा हात थेट डिकोडरकडे जातो.

---

खूणगाठ

ठळक-साधं, चित्रात. मजकूर वाचून हवा असेल तर निरोप पाठवा, एवढी ओळ खाली. डिफिकल्टी ३ करतो. कोडं सोडवून माणूस तिथवर पोचावा एवढंच मला हवंय.

टाइपांची खूण द्यायला एक जागा मिळालीय. १९१८ मध्ये इलिनॉयच्या ऑरोरा गावी फ्रीडमन जोडप्याने शिकवलेल्या लष्करी अधिकाऱ्यांचा एक ग्रुप फोटो आहे. काहीजण कॅमेऱ्याकडे बघतायत, काही तोंड फिरवून उभे. बघणारे एक खूण, न बघणारे दुसरी, आणि पाच-पाच माणसं वाचत गेलं की बेकनचं ‘नॉलेज इज पॉवर’. सोळा अक्षरांना ८० माणसं लागतात, तेवढी नव्हती, म्हणून शेवटचा आर राहूनच गेला. पानावर या फोटोचा नुसता उल्लेख ठेवतो, ‘कोण कुठे बघतोय ते बघा’. ज्याने शोधलं त्याला रीत कळली.

---

पाचअक्षरी

आणि आर्लिंग्टनमधली त्यांची कबर! दगडावर तेच वाक्य, काही अक्षरांना शेपट्या आहेत, काहींना नाहीत. वाचलं की विल्यमची आद्याक्षरं निघतात, डब्ल्यू-एफ-एफ. शेक्सपिअरच्या थडग्यात शंभर वर्षं लोक जे शोधत होते ते, तो शोधच खोटा ठरवणाऱ्यांच्या थडग्यावर खरोखर निघालं.

---

संशयात्मा

सगळं ठीक. एक विचारतो. डबा उघडल्यावर आत काय लिहिलेलं असणार? ‘शेक्सपिअरनेच लिहिलं’ असं कार्ड असेल तर मी येणार नाही. आणि पानावर ऑक्सफर्डवाल्यांना बेकनच्या चिखलउपशांबरोबर एका रांगेत बसवू नका. आमचा दावा गुप्तलिपीवर उभा नाही.

---

खूणगाठ

मुद्दा रास्त आहे. लूनीने गुप्तलिपीला हात लावला नव्हता, त्याचा रोख नाटकं आणि अर्लचं चरित्र यांतल्या साम्यावर होता. वर्णनात तसं वेगळं लिहितो. मला स्वतःला विचाराल तर लेखक स्ट्रॅटफर्डचाच, पण ते मत कोड्यात कुठेच किल्ली म्हणून वापरलेलं नाही. कुठल्याही गटाचा माणूस तेच सहा अंक काढेल. डब्यात फक्त लॉगबुक आणि पेन्सिल.

हिंट ठरवली, एकच शब्द: ‘चोवीस’. साइटवर ती तेरा घरं सरकवलेल्या अक्षरांत दिसेल, नेहमीसारखी.

---

पानोपानी

आणि वर्णनात चर्चचं नाव येणारच असेल तर ठळक लिही की डबा होली ट्रिनिटीच्या आवारात नाही. तिथल्या थडग्यावर शेक्सपिअरने (किंवा ज्याने कुणी लिहिलं त्याने, संशयात्मा खूश?) स्पष्ट कोरून ठेवलंय: इथली माती खणू नका, हाडं हलवणाऱ्याला शाप. २०१६ मध्ये संशोधकांनी तपासलं तेही वरून रडार फिरवून, फरशीला हात न लावता.

---

खूणगाठ

डबा खणून पुरायचा नाही हा खेळाचा नियमच आहे, पान तपासणारा रिव्ह्यूअर तेवढ्यावरून ते परत पाठवतो. तरी लिहितो. आज रात्री पान तपासणीला पाठवतोय.

---

संशयात्मा

एफटीएफ (डबा पहिल्यांदा शोधण्याचा मान) माझा. लॉगबुकात मात्र टोपणनावाने सही करणार.

---

पायपीट

कर की. चारशे वर्षांनी कुणीतरी सिद्ध करेल की ती भिंगवालाची होती. खूणगाठ, लॉगबुकाला झिपची पिशवी दोन घाल, नदीकाठची हवा आहे.